छरा कोणता घ्यायचा, ते बॅरलला विचारा

पुण्यात बालेवाडीच्या नेमबाजी रेंजवर मुलाला किंवा मुलीला एअर रायफलला घातलं, की तीन-चार महिन्यांत घरात छर्‍यांची पत्र्याची एक गोल डबी येते. झाकणावर कंपनीचं नाव असतं आणि मागच्या स्टिकरवर बारीक आकडे असतात: ४.५०, ०.५३ आणि त्याखाली एक लॉट नंबर, म्हणजे एका खेपेत बनलेल्या छर्‍यांचा क्रमांक. मग पालकांच्या ग्रुपवर चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं आर-टेनच घ्या, कुणी म्हणतं फिनाले मॅचशिवाय पर्याय नाही, कुणाच्या भाच्याला चिनी छर्‍यांवर पदक मिळालेलं असतं. यातलं कुणीच खोटं बोलत नसतं. तरी एवढ्या चर्चेतून तुमच्या रायफलीला काय मानवेल, ते मात्र कळत नाही.

रेंजवर सगळे ‘पेलेट’ म्हणतात, इथे आपण छराच म्हणू. जत्रेतल्या फुगे फोडायच्या बंदुकीतही छराच असतो आणि तिथे कुठलाही चालून जातो, कारण फुगा चांगला हाताच्या पंजाएवढा असतो. १० मीटर एअर रायफलच्या निशाणावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. छरा स्वतः साडेचार मिलिमीटरचा, म्हणजे ठिपक्याच्या नऊपट. त्यामुळे छर्‍याने ठिपक्याला नुसतं शिवलं तरी १० मिळतात. हिशेब मांडला तर असा: छर्‍याचा मध्य निशाणाच्या मध्यापासून २.५ मिमीच्या आत असला की १०.०, आणि तिथून आत सरकताना प्रत्येक पाव मिलिमीटरला ०.१ गुण वाढत जातो. शेवटच्या पाव मिलिमीटरमध्ये १०.९. ६० गोळ्यांचे, म्हणजे ६० वेळा मारलेल्या छर्‍यांचे, जास्तीत जास्त ६५४.

हा पाव मिलिमीटर लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्याभोवती आहे. पॅरिसच्या २०२४च्या ऑलिंपिकमध्ये महिलांच्या १० मीटर एअर रायफलच्या पात्रता फेरीत रमिता जिंदाल ६३१.५ गुण घेऊन पाचवी आली आणि अंतिम फेरीत गेली. इलावेनिल वलारिवन ६३०.७वर दहावी आली आणि बाहेर राहिली, कारण अंतिम फेरीत आठच जणी जातात. दोघींत फरक ०.८ गुणांचा. तो ६० गोळ्यांत वाटला तर गोळीमागे सरासरी ०.०३ मिमी पडतो, केसाच्या जाडीच्या निम्म्याच्या आसपास. त्या पातळीवर छर्‍याच्या लॉटवरून लोक झोप का घालवतात, ते यावरून कळावं. तुमच्या आठवीतल्या मुलीने झोप घालवावी का, हा वेगळा प्रश्न आहे. त्याचंही गणित पुढे येईल.

छरा करतो काय

छर्‍याचे तीन भाग: पुढे सपाट डोकं, मध्ये बारीक कंबर, मागे पोकळ घेर. या घेराला स्कर्ट म्हणतात. रायफलच्या नळीत, म्हणजे बॅरलमध्ये, आतून पिळाच्या खाचा असतात. डोकं त्या खाचांमधल्या उंचवट्यांवरून सरकतं आणि छर्‍याला सरळ ठेवतं. मागून दाबाची हवा आली की पातळ स्कर्ट फुलतो, खाचांत घट्ट बसतो आणि हवा गळू देत नाही. खाचांमुळे छरा स्वतःभोवती फिरू लागतो आणि भोवर्‍यासारखा आपल्या आसावर टिकतो. वजन पुढे आणि मागे पोकळ असल्यामुळे हवेचा अवरोधही त्याला शेपटीमागून सरळ धरतो.

डोकं सपाट असण्याचं कारण फक्त गुण मोजणं. सपाट डोकं कागदात पंचिंग मशिनसारखं स्वच्छ गोल भोक पाडतं. गोल डोक्याचा छरा कागद फाडत जातो आणि रेघेला शिवला की नाही यावर वाद होतात. इलेक्ट्रॉनिक निशाणावर हा वाद राहिला नाही, पण दहा मीटरवर सपाट डोक्यापेक्षा जास्त नेमका बसणारा प्रकारही कुणी आणलेला नाही.

शिकारीच्या रायफलींबद्दल वाचून आलेली मंडळी इथे गोंधळतात. त्या जगात बॉन्डेड गोळीचं मोठं नाव आहे. मोठ्या जनावराच्या अंगात गोळीने फुलायचं असतं, पण फुटून तुकडे व्हायचं नसतं. साध्या गोळीत तांब्याचं कवच आणि आतलं शिसं हाडावर आपटून वेगळं होतं आणि गोळी उथळच थांबते. म्हणून बॉन्डेड गोळीत शिसं कवचाला आतून सांधलेलं असतं आणि आदळल्यावरही तिचं बरंचसं वजन एकत्र राहतं. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा विषय परदेशात शिकारीला जाणार्‍यांपुरता उरला. आपल्या छर्‍याला कवच नाही, फुलण्याची गरज नाही, आणि आदळल्यावर त्याचं काय होतं याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. कागदापर्यंतच्या दहा मीटरमध्ये त्याने रोज तेच, अगदी तेच करायचं, एवढीच अपेक्षा. म्हणून ‘जास्त ताकदीचा’, ‘जास्त भेदक’ असं डबीवर लिहिलेलं दिसलं तर ती डबी खाली ठेवा.

०.५३ म्हणजे काय

हे छर्‍याचं वजन, ग्रॅममध्ये. काही डब्यांवर ते ग्रेनमध्ये असतं: ८.२ ग्रेन म्हणजे ०.५३ ग्रॅम. मॅच, म्हणजे स्पर्धेच्या रायफलसाठी साधारण हेच वजन वापरतात. पिस्तुलासाठी हलके, ०.४५ ते ०.४९ ग्रॅमचे छरे असतात. दुकानदाराने ‘एकच आहे हो’ म्हणून पिस्तुलाची डबी हातात दिली तर रायफल उडवेल, पण झिरो, म्हणजे नेम धरल्या जागीच छरा बसावा अशी साइटची जुळणी, सरकेल. का, ते पाहू.

मॅच रायफलमधून छरा सुमारे १७० मीटर प्रति सेकंद वेगाने निघतो. दहा मीटर जायला त्याला ०.०६ सेकंदांहून किंचित कमी वेळ लागतो आणि तेवढ्यात तो सुमारे १७ मिमी खाली येतो. डायॉप्टर साइट, म्हणजे बारीक छिद्रातून पाहायची मागची साइट, या घसरणीसकट झिरो केलेली असते, म्हणून ती आपल्याला दिसत नाही. आता वेग ३ मीटर प्रति सेकंदाने बदलला, तर घसरण सुमारे ०.६ मिमीने बदलते, म्हणजे जवळपास पाव गुण. नेमबाजाचा हात अगदी स्थिर, ट्रिगर स्वच्छ, आणि छरा अर्धा मिलिमीटर खाली. म्हणून वेगातलं सातत्य हे वेगापेक्षा महत्त्वाचं. क्रोनोग्राफवर, म्हणजे छर्‍याचा वेग मोजणार्‍या यंत्रावर, दहा गोळ्या मारून सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वेगातला फरक पाहावा. दोन-तीन मीटरच्या आत असेल तर रायफल निरोगी. पाच-सहा आला तर छरे बदलत बसू नका, आधी रेग्युलेटर (दर गोळीला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) आणि सील तपासून घ्या. खराब रेग्युलेटरवर केलेली छर्‍यांची परीक्षा म्हणजे पंक्चर टायरवर अॅव्हरेज काढणं.

एकेक छरा काट्यावर तोलून निवडावा का, हे बरेच पालक विचारतात. आधी काटा बघा. सराफाकडचा नेहमीचा काटा ०.०१ ग्रॅम दाखवतो, म्हणजे छर्‍याच्या वजनाच्या जवळपास दोन टक्के. त्यावर तोलण्यात काही अर्थ नाही. ०.००१ ग्रॅम दाखवणारा काटा हवा, तोही पंखा बंद करून. चांगल्या मॅच डबीत छरे ०.००५ ग्रॅमच्या आत-बाहेर असतात. एवढ्या फरकाने निशाणावर ०.१६ मिमीच्या आसपास बदल होतो, म्हणजे ०.०६ गुण. राज्य स्पर्धेच्या ६० छर्‍यांसाठी कुणी हौसेने करत असेल तर करू द्या. रोजच्या सरावासाठी हा वेळ ड्राय फायरिंगला, म्हणजे छर्‍याशिवायच्या नेम-ट्रिगरच्या सरावाला, दिला तर त्याचं चीज होईल.

४.५० म्हणजे काय

हा डोक्याचा व्यास. ४.४८, ४.४९, ४.५०, ४.५१ असे प्रकार मिळतात. फरक एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा, पण नळीच्या आतलं माप प्रत्येक रायफलीत किंचित वेगळं असतं, त्यामुळे तो जाणवतो. डोकं लहान पडलं तर छरा नळीत डुलतो, किंचित तिरका निघतो आणि ग्रुप, म्हणजे निशाणावरच्या भोकांचा गुच्छ, गोलसर पसरतो. डोकं मोठं झालं तर छरा भरतानाच जोर लागतो, शिसं खरवडलं जातं आणि वेग कधी जास्त कधी कमी येतो.

इथे एक फसगत आहे. एका कंपनीचा ४.५० आणि दुसरीचा ४.५० सारखे असतीलच असं नाही. तो आकडा त्या कंपनीच्या साच्याची ओळख आहे असं समजा. जर्मनीतल्या हान्न. म्युंडेनच्या एच अँड एनचा ‘फिनाले मॅच’, आरडब्ल्यूएसचा ‘आर-१०’, चेक प्रजासत्ताकातल्या बोहुमिनच्या जेएसबीचे मॅच छरे, चीनच्या छियांग युआनचे ‘ऑलिंपिक’ हे सगळे जागतिक दर्जाचे आहेत, आणि तरी तुमच्या बॅरलला त्यातले दोन आवडतील, दोन नाही. शेजारच्या लेनवरच्या मुलाच्या त्याच मॉडेलच्या रायफलीची निवड वेगळी निघू शकते. साचे झिजतात, बदलतात, त्यामुळे त्याच नावाच्या, त्याच आकड्याच्या दोन लॉटमध्येही फरक पडतो. म्हणूनच स्टिकरवरचा लॉट नंबर नावाइतकाच महत्त्वाचा. डबी संपली की स्टिकरचा फोटो काढून ठेवावा.

परीक्षा कशी घ्यायची

नेमबाजाने हातात रायफल धरून केलेली परीक्षा छर्‍याची नसते, नेमबाजाची असते. म्हणून रायफल पकडीत बसवावी लागते. कोच किंवा आर्मररच्या (रायफल दुरुस्त करणार्‍याच्या) मदतीने स्टॉक, म्हणजे खांद्याला लावायचा दस्ता, काढून फक्त यंत्रणा आणि नळी एका जड टेबलाला पक्क्या केलेल्या क्लॅम्पमध्ये घट्ट करतात. नळी स्वतः पकडायची नाही, यंत्रणेचा भाग पकडायचा, आणि पकडीच्या दातांवर चामडं किंवा जाड रबर हवं. स्क्रू कोणते, किती आवळलेले होते, ते सुटे करण्याआधी फोटोत टिपा. परत बसवताना स्टॉकचे स्क्रू वेगळ्या ताकदीने आवळले की झिरो बदलतो आणि दोष छर्‍यावर जातो.

क्लॅम्पची सोय नसेल तर वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून, बसून मारता येतं. निकाल ढोबळ येतो, पण अगदी न मानवणारा छरा त्यातही उघडा पडतो.

चार प्रकारचे छरे घेतले असं धरू. चार डब्या विकत घेण्याऐवजी चौघांनी एकेक डबी आणून ऐंशी-ऐंशी छरे वाटून घेतले तर सगळ्यांचंच भागतं. प्रत्येक प्रकाराचे आधी दहा छरे नुसते उडवायचे. नळीत आधीच्या छर्‍याच्या शिशाचा आणि वंगणाचा पातळ थर असतो, तो बदलेपर्यंतचे निकाल खोटे. मग दहा-दहाचे तीन ग्रुप, प्रत्येक वेगळ्या कार्डावर. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा प्रकार झाला की रायफलीचा हवेचा सिलिंडर भरून घ्या आणि आता उलट्या क्रमाने, चौथ्यापासून पहिल्यापर्यंत, पुन्हा तसंच. सकाळचा गारवा, सिलिंडरचा उतरलेला दाब, नळीत साचलेली घाण यांचा फायदा-तोटा एकाच प्रकाराला मिळू नये म्हणून हा उलटा क्रम. प्रकारामागे ऐंशी, एकूण ३२० छरे, अडीच-तीन तासांचं काम. छरे भरणार्‍याला कुठला प्रकार चालू आहे ते कळू दिलं नाही तर उत्तम. चार सारख्या वाट्या, चार अक्षरं, यादी तिसर्‍याच्या खिशात. क्लॅम्प असला तरी माणूस आवडत्या ब्रँडचा छरा जरा जपून भरतो.

मोजायचं असं: दहा भोकांच्या गुच्छाच्या बाहेरच्या कडेपासून समोरच्या बाहेरच्या कडेपर्यंत व्हर्निअर कॅलिपर लावा आणि त्यातून ४.५ वजा करा. उरतं ते सर्वांत लांबच्या दोन छर्‍यांच्या मध्यांतलं अंतर. कागदातलं भोक छर्‍यापेक्षा किंचित लहान उमटतं, पण तुलना करताना सगळ्यांना तेच लागू असल्यामुळे बिघडत नाही. चांगल्या नळीत मानवलेला छरा बाहेर-ते-बाहेर ५ ते ५.५ मिमी देतो. भोक एकच दिसतं, फक्त कडा जराशी दंतुर. सहा-सव्वासहा आलं तर चालेल पण शोध सुरू ठेवा. सातच्या वर गेलं तर तो छरा या रायफलीचा नाही.

सहा ग्रुपची सरासरी घ्यायची. सर्वांत लहान ग्रुप निवडून मोबाइलवर फोटो फिरवायचा मोह सगळ्यांना होतो, पण त्या फोटोला किंमत नाही. दहापैकी एखादा ग्रुप योगायोगाने घट्ट येतोच. पाच गोळ्यांच्या ग्रुपची दहा गोळ्यांच्या ग्रुपशी तुलना करणं हीदेखील अशीच चूक: गोळ्या जितक्या जास्त तितका ग्रुप पसरणारच. दोन प्रकारांच्या सरासर्‍या ५.३ आणि ५.४ आल्या तर ते सारखेच समजा, आणि जो स्वस्त आहे, पुढच्या वर्षीही मिळणार आहे, तो घ्या. ५.२ विरुद्ध ६ आलं तर फरक खरा आहे.

ग्रुपचा आकारही बोलतो. क्लॅम्पमध्ये भोकं एकाखाली एक, उभी लांबलेली असतील तर वेग बदलतोय: रेग्युलेटर, सिलिंडरमधला फार उतरलेला दाब किंवा वजनात असमान छरे. दोन वेगळे गुच्छ दिसले तर काहीतरी सैल आहे, क्लॅम्प, नळीचा स्क्रू किंवा कार्ड धरणारी चौकटच. आठ-नऊ एका भोकात आणि एखादाच दूर असेल तर तो छरा बहुधा दबलेल्या स्कर्टचा होता. सगळीकडून सारखा गोल पसारा असला तर माप मानवत नाही किंवा नळी घाण आहे. आधी नळी साफ करा, मग माप बदला.

मुलीची सरासरी साडेनऊ असेल तर

आता ते राहिलेलं गणित. सरासरी ९.५ म्हणजे छरे मध्यापासून सरासरी ३.७५ मिमीवर. समजा एक छरा क्लॅम्पमध्ये स्वतःच्या दोषाने मध्यापासून सरासरी ०.७ मिमी भरकटतो, आणि दुसरा, महागडा, ०.३ मिमी. हातातली चूक आणि छर्‍याची चूक सरळ बेरजेने वाढत नाहीत, वर्गांच्या बेरजेने वाढतात, काटकोन त्रिकोणाच्या कर्णासारख्या. हिशेब केला तर साडेनऊवाल्या मुलीला महागड्या छर्‍याने ६० गोळ्यांत सव्वा गुण मिळतो. ज्याचा स्वतःचा हात १.२ मिमीवर आलाय, म्हणजे सरासरी साडेदहाच्या आसपास, त्याला त्याच छर्‍याने साडेतीन गुणांहून जास्त मिळतात.

यातून खरेदीचं धोरण आपोआप निघतं. पहिल्या वर्षी कुठल्याही नामांकित कंपनीचा ०.५३ ग्रॅमचा सरावी छरा, आरडब्ल्यूएसचा ‘माइस्टरकुगेल्न’ रायफल किंवा त्याच दर्जाचा, पुरेसा आहे. फक्त दर महिन्याला ब्रँड बदलू नका, कारण प्रत्येक बदलात झिरो सरकतो आणि मुलगी आपल्या तंत्रात नसलेली चूक शोधत बसते. सरासरी १०.२च्या पुढे स्थिरावली की क्लॅम्पची परीक्षा घ्या. तिथून पुढे, लॉट सापडला की थांबू नका, एकदम साठा करा. आठवड्याला चार दिवस, रोज ८० गोळ्या म्हटलं तर वर्षाला सोळा हजारांच्या वर छरे लागतात, पाचशेच्या बत्तीस-तेहतीस डब्या. सगळ्या त्या लॉटच्या घेणं खिशाला झेपणार नाही, तर स्पर्धा आणि स्पर्धेआधीचे दोन आठवडे धरून सात-आठ डब्या त्या लॉटच्या बाजूला ठेवा आणि सरावाला साधा छरा वापरा. सरावी आणि मॅच छर्‍यांच्या झिरोतला फरक साइटच्या किती क्लिकचा आहे, ते डायरीत लिहून ठेवायचं. स्पर्धेच्या सकाळी सायटिंगच्या (गुण न धरता साइट जुळवायच्या) पंधरा मिनिटांत हे शोधायला लागू नये.

डबी घरी आल्यावर

चांगला छरा खराब व्हायला कारखान्याची गरज नसते, सिंहगड रोडवरचे स्पीडब्रेकर पुरतात. शिसं मऊ, स्कर्टची कड कागदासारखी पातळ. अर्धी रिकामी डबी सॅकमध्ये खुळखुळत गाडीवरून गेली की छरे एकमेकांवर आपटून स्कर्ट दबतात. दबलेल्या स्कर्टच्या एका बाजूने हवा आधी सुटते आणि नळीच्या तोंडावरच छर्‍याला बाजूने धक्का बसतो. उपाय साधा: उरलेल्या जागेत फोमची चकती दाबून बसवा, म्हणजे छरे हलणार नाहीत. मॅचचे छरे प्रत्येकाला स्वतंत्र खाच असलेल्या ट्रेमध्येही मिळतात, ते तसेच न्यावेत. डबीतून काढताना बोटाने ढवळून काढू नका, कापडावर ओता. स्कर्टकडून उजेडात पाहिलं की दबलेली कड लगेच दिसते. ते छरे फेकायचे नाहीत, वार्म-अपला वापरायचे. जमिनीवर पडलेला छरा मात्र पुन्हा भरायचा नाही. त्याला चिकटलेला वाळूचा कण नळीत ओरखडा काढतो.

भरताना छरा तिरका राहिला आणि नळी बंद करणारा बोल्ट दाबला तर स्कर्ट तिथेच कापला जातो. उलटा भरणं हेही नवशिक्यांकडून होतं. गोळी अचानक तळाला सहा-सातवर गेली आणि नेम तर बरा वाटला होता, तर आधी हा संशय घ्या.

पुण्याच्या पावसाळ्यात दुसरा शत्रू येतो. दमट हवेत शिशावर पांढरी भुकटी धरते. नव्या प्लायवूड किंवा एमडीएफच्या कपाटात ती जास्त लवकर धरते, कारण त्या लाकडातून सुटणारी आम्लाची वाफ शिशाला खाते. डब्या हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह, लोखंडी कपाटात ठेवा. भुकटी आलेले छरे धुऊन वापरायचा प्रयत्न नको, नळीत ती घासली जाते. काही जण नवे छरे डिटर्जंटने धुऊन वरून स्वतःचं तेल लावतात. कारखान्याने लावलेलं पातळ वंगण काढून टाकायला सबळ कारण हवं, आणि क्लॅम्पवर ६० छरे मारून फरक दाखवता आला तरच ते कारण सबळ.

नळीची सफाई फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीच्या) बोळ्यांनी, एका वेळी दोन-तीन एकत्र सारून, साधारण एका डबीमागे एकदा. काळा फेल्ट येणं थांबलं की बस्स. त्यानंतरच्या दहा-वीस गोळ्या नेहमीच्या जागी बसत नाहीत, म्हणून सफाई स्पर्धेच्या आदल्या सरावात करावी, स्पर्धेच्या सकाळी नाही.

.२२कडे वळणार्‍यांसाठी थोडंसं

कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं, तेव्हापासून एअर रायफलची मुलं लवकरच .२२बद्दल, म्हणजे काडतुसाच्या रायफलीबद्दल, विचारू लागतात. तिथे परवाना, नोंदणी आणि दारूगोळ्याचा हिशेब हे सगळं वेगळं आहे, ते संघटनेकडून आणि कोचकडून समजून घ्यावं. निवडीचं तत्त्व मात्र हेच, फक्त लॉटचं महत्त्व कितीतरी वाढतं. छर्‍याच्या बाबतीत हवेचा दाब रायफल पुरवते. .२२च्या काडतुसात दारू, ती पेटवणारा प्रायमर, धातूची केस, २.६ ग्रॅमची गोळी आणि तिच्यावरचं वंगण हे सगळं काडतुसातच येतं, आणि प्रत्येक गोष्ट लॉटनुसार थोडी वेगळी. मॅच काडतुसाचा वेग मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवतात, कारण आवाजाची भिंत ओलांडून परत खाली येणारी गोळी वाटेत अस्थिर होते. इली आणि लापुआसारख्या कंपन्यांच्या स्वतःच्या चाचणी रेंज आहेत. नेमबाज तिथे आपली रायफल घेऊन जातात, ती क्लॅम्पला लावून एकामागून एक लॉट मारून बघतात आणि आवडलेला लॉट तिथेच राखून ठेवतात.

कायदा आणि हात धुणं

शस्त्र नियम २०१६ नुसार ४.५ मिमीच्या आणि २० जूलच्या आतल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. मॅच रायफल साडेसात जूलच्या आसपास असते, म्हणजे बरीच आत. परवाना नाही याचा अर्थ गच्चीवरून कबुतरांवर नेम धरायची मोकळीक नाही. वन्यजीव कायदा एअर रायफल आणि बंदूक असा भेद करत नाही, आणि साडेसात जूल डोळा फोडायला भरपूर होतात. ने-आण करताना रायफल रिकामी, नळी रिकामी असल्याची खूण म्हणून सुरक्षा दोरा नळीत घातलेला आणि बॅग बंद.

छरा म्हणजे जवळपास शुद्ध शिसं. भरताना बोटांना करडा रंग लागतो तो शिशाचा. लहान मुलांच्या शरीरात ते मोठ्यांपेक्षा जास्त शोषलं जातं आणि मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं. म्हणून छरे तोंडात धरायचे नाहीत. मोठी मुलं धरतात, लहान त्यांचं बघून धरतात. फायरिंग पॉइंटवर पाण्याची बाटली बंद झाकणाचीच ठेवावी. निशाणामागच्या पेटीतले चपटे झालेले छरे झाडूने कोरडे लोटू नयेत, धूळ उडते. ओल्या फडक्याने पुसून जाड पिशवीत भरावेत आणि हे काम मोठ्या माणसाने करावं. नेमबाजीचं जॅकेट आणि हातमोजा घरच्या कपड्यांबरोबर वॉशिंग मशिनमध्ये टाकायचा नाही. आणि रेंज सुटल्यावर गेटबाहेर कितीही भूक लागलेली असो, वडापाव साबणाने हात धुतल्यानंतरच.